विकिपीडियावरचं आपल्या गावाचं पान असं सांभाळा
मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे आणि त्यातली गावांची पानं फार नाजूक, कारण तिकडे कोणाचं लक्षच नसतं. आधी अकाउंट काढा, गावाचं पान निरीक्षणसूचीत (आपण नजर ठेवलेल्या पानांतले बदल दाखवणारी यादी) टाका. कोणी किल्ल्याचा इतिहास उडवून स्वतःचं नाव नि मोबाईल नंबर टाकला तर घाबरू नका, वरचा 'इतिहास' टॅब उघडा, जुनी आवृत्ती तिथे जशीच्या तशी असते, दोन्ही ताडून पाहा आणि तेवढाच बदल उलटवा, कारणही लिहा. समोरचा परत तेच करतोय? मग चर्चापानावर बोला, नाहीतर प्रचालकांना, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या जास्त अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवा. आणि संदर्भ द्याच हो, गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), मराठी विश्वकोश, बातमीची लिंक असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) सेव्ह करून, कारण पेपरच्या लिंका पटापट मरतात.