पोरासाठी कार सीट: कोणती घ्यायची आणि घट्ट कशी बसवायची

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की पुण्या-मुंबईच्या लेकी जळगाव-धुळ्याकडे माहेरी निघतात, आणि गाडीत आईच्या नाहीतर मामाच्या मांडीवर एक लहानगं असतंच. "धरलंय ना घट्ट, काय होतंय" असं सगळे प्रेमानेच म्हणतात, पण ताशी ५० च्या स्पीडला गाडी समोर धडकली तर १० किलोचं बाळ त्या क्षणाला २०० किलोच्या आसपास ओढ मारतं, ते पैलवानालाही धरवणार नाही. आई आणि बाळ दोघांवरून एकच बेल्ट लावणं तर त्याहून वाईट, आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते मधल्यामध्ये चेपतं. कायदाही आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ ब आलं, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. पण दंडाचं सोडा, पोर आपलं आहे.

आता सीट घ्यायची म्हटलं की लोक आधी ॲपवर रंग आणि किंमत बघतात. तसं नका करू, आधी आपली गाडी बघा. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घाला, दोन लोखंडी कड्या लागल्या, एकमेकींपासून साधारण २८ सेंटीमीटरवर, तर गाडीत आयसोफिक्स आहे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायची सोय. जुन्या गाडीत नसेल तर बेल्टने बसणारी सीट घ्या, ती हलकी असते असं काही नाही, नीट आवळली तर तीही चांगलं काम करते, आयसोफिक्समध्ये फक्त बसवताना चुका कमी होतात. मधल्या जागेचा बेल्ट नुसता कमरेचा असेल तर खिडकीकडची जागा धरा, शक्यतो डावीकडची, म्हणजे पोराला रस्त्याच्या कडेला उतरवता येतं. आणि बोलेरोसारख्या गाड्यांत मागे समोरासमोरचे आडवे बाक असतात ना, त्यावर कार सीट बसवायची नाही म्हणजे नाही.

सीटवर लेबल शोधा. ई-सी-ई आर ४४/०४ किंवा नवं आर १२९ असं लिहिलेलं नारंगी लेबल असतं, आपल्याकडचं स्टँडर्ड ए-आय-एस ०७२. यातलं काहीच नसेल तर ती नुसती गादी आहे, स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आर ४४ मध्ये वजनावर हिशोब असतो, १३ किलोपर्यंत, ९ ते १८, १५ ते २५, २२ ते ३६ असे गट, आर १२९ मध्ये उंचीवर. म्हणून दुकानात जायच्या आधी पोराचं वजन करा आणि भिंतीला उभं करून उंची मोजा, "दोन वर्षाचा आहे" एवढ्यावर सीट घेऊ नका, दोन वर्षाची दोन पोरं कधी सारखी नसतात.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक सीट आणून देत असेल तर एक गोष्ट तपासाच. तिकडच्या गाडीचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की परत जाताना टकटक करत लॉक होत जातो आणि तिकडच्या बऱ्याच सीट त्याच भरवशावर बनवलेल्या असतात, आपल्याकडे बहुतेक बेल्ट फक्त झटका बसला की अडकतात, मग ती सीट वळणावळणाला ढिली होत जाते. सीटवरच बेल्ट दाबून धरणारा क्लॅम्प असेल तर चालेल, नाहीतर आयसोफिक्सवर बसते का बघा.

आता सगळ्यात जास्त वाद घरात ज्यावरून होतो ते, तोंड कुठे करायचं. लहान बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, आर १२९ प्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत तरी, आणि सीटमध्ये मावतंय तोवर त्याच्याही पुढे तसंच ठेवा. बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची, समोरून धडक बसली की उलट तोंडाच्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं, मानेला एकटीला झटका बसत नाही. आजी म्हणेल पाय दुमडतात, "पोरगं रडी ऱ्हायनं, मांडीवर ले ना तेले", तिला समजावून सांगा की पाय दुमडले तर काही बिघडत नाही. आणि पुढच्या सीटला एअरबॅग चालू असेल तर तिथे उलट तोंडाची सीट कधीच नाही, एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे जोरात आदळते, जीव जाऊ शकतो.

बसवताना घाई करू नका, निघायच्या सकाळी तर नाहीच, आदल्या दिवशी बसवा. सीटवर बेल्टचा मार्ग रंगाने दाखवलेला असतो, बहुतेक निळा उलट तोंडासाठी आणि लाल पुढे तोंडासाठी, त्याच मार्गाने बेल्ट घाला, पीळ पडू देऊ नका, खटका लावा. मग गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन टाका आणि दुसऱ्या हाताने बेल्टची ढील खेचत जा, कमरेचा भाग आधी, खांद्याचा नंतर, मग क्लॅम्प असेल तर बंद करा. घाम येतो, येऊ द्या. आता जिथून बेल्ट गेलाय तिथेच सीट धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवा, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर उघडून परत आवळा. वरून धरून हलवू नका, वरचं टोक थोडं हलतंच. आयसोफिक्स असेल तर दोन्ही बाजूंना टक आवाज येऊन सीटवरची खूण लालची हिरवी झाली पाहिजे, एकाच बाजूची हिरवी म्हणजे सीट बसलेली नाही. त्यासोबत एकतर सीटला खाली टेकूचा पाय असतो, तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकला पाहिजे, खाली सामानाचा कप्पा असलेल्या पोकळ झाकणावर नको, नाहीतर वरचा पट्टा असतो, तो मागच्या ठरलेल्या कडीलाच अडकवायचा, डिकीतल्या पिशव्यांच्या हुकला नाही, तो हुक तुटून येईल. नवजात बाळासाठी सीटचा कल पुस्तिकेप्रमाणे ठेवा, जास्त उभी झाली तर हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडतो.

आता बाळ बसवा. उलट तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असेल तर बरोबरीने किंवा जरा वरून. पट्टा ओढून झाला की खांद्याजवळ चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी आली तर अजून ढिला आहे. आपल्याकडे थंडीत बाळाला स्वेटर, टोपरं, वरून दुपट्यात गुंडाळून देतात, तसं सीटमध्ये नाही चालत, पायांच्या मधला पट्टा मधूनच गेला पाहिजे आणि जाड कपड्याखाली पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत कपडा दबून पोर निसटतं. पातळ कपड्यात पट्टे आवळा आणि गोधडी वरून पांघरा. सीटखाली किंवा पाठीमागे उशी, घडी केलेली चादर काही घालू नका, कंपनीने दिलेलं असेल तेवढंच.

उन्हाळ्यात आपल्याकडची गोष्ट वेगळी, मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंश होतात आणि उन्हात उभ्या गाडीतला खटका पोराच्या मांडीला चटका देतो. गाडी सावलीत लावा, सीटवर पांढरं फडकं टाकून ठेवा, बसवायच्या आधी खटक्याला आणि पट्ट्याला स्वतःचा हात लावून बघा, एसी पाच मिनिटं आधी. पोराला झोपलंय म्हणून दोन मिनिटंही बंद गाडीत सोडू नका. तान्हं बाळ सीटमध्ये सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, मोठ्याला दोन तासात उतरवा, जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळा आहेच थांबायला, चहा घ्या, पोराला मोकळं करा.

चार-पाच वर्षांनंतर लोक सीट काढूनच टाकतात, ते चुकीचं आहे. तेव्हा बूस्टर लागतो, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून पोराला उंच करणारी बैठक, शक्यतो पाठ असलेला, आणि तो फक्त तीन टोकांच्या, म्हणजे कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या बेल्टवर. कमरेचा पट्टा मांडीच्या वर हाडाला टेकून, पोटावर नाही, खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध, मानेला घासत नाही, असं बूस्टरशिवाय जमेपर्यंत तो ठेवायचा, साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत. मान कापते म्हणून पोरं पट्टा काखेखालून घेतात, ते करू देऊ नका.

जुनी सीट भाच्याची, पुतण्याची मिळत असेल तर घ्या, पण ती अपघातात सापडलेली नाही हे देणाऱ्याकडून खात्रीने विचारा, पुस्तिका मागा, आणि मागे प्लॅस्टिकवर कोरलेली तारीख बघा, बऱ्याच कंपन्या ६ ते १० वर्षं वापर सांगतात. मोठी धडक बसलेली सीट वरून धड दिसली तरी टाकून द्या, आणि टाकताना पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी उचलून आपल्या पोरासाठी वापरणार नाही.