फ्लॅशचा उजेड मोजायचा कसा

पैठणी नेसलेली नवरी आणि शेजारी काळ्या बंदगळ्यातला नवरा. या जोडीपुढे कॅमेऱ्यातलं मीटर हमखास गडबडतं, कारण ते वस्तूवर आपटून परत आलेला उजेड मोजतं. जरीचा काठ चमकला की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, काळं कापड आलं की वाटतं कमी पडला. शिवाय स्टुडिओतला मॅन्युअल फ्लॅश बटण दाबेपर्यंत पेटतच नाही, मग ते मोजणार काय? हातातलं मीटर चेहऱ्यापाशी धरतात. चेहऱ्यावर उजेड किती पडतोय एवढंच ते सांगतं. माणूस गोरा की सावळा, शालू की सदरा, त्याने आकडा बदलत नाही.

मी सेकॉनिक कंपनीचं एल-३०८ मीटर वापरते. सवय मात्र वडिलांच्या स्टुडिओतली, १२० चा फिल्म रोल आणि त्यात मोजून बारा फ्रेम होत्या तेव्हाची. ते म्हणायचे, आधी मीटर, मग माणसाला हसव.

फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा. टीटीएलवर, म्हणजे कॅमेराच फ्लॅशचा जोर ठरवतो त्या मोडवर, असला तर खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक फ्लॅश उडतो आणि मीटर त्यालाच धरून बसतं. मग आकडा खोटा येतो. मीटरवर आयएसओ १०० आणि शटर १/१२५ लावा, कॅमेऱ्यावरही तेच. मीटरवरची पांढरी अर्धगोल टोपी खिडकीवर पूर्ण सरकली आहे ना, तेही बघून घ्या. आता बिनवायरच्या फ्लॅश मोडमध्ये बटण दाबा. मीटर फ्लॅशची वाट बघत थांबतं. ट्रिगरचं, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या डबीचं, टेस्टचं बटण दाबून फ्लॅश उडवा, की आकडा आला. लेन्सचं छिद्र किती ठेवायचं, तो हा एफ आकडा.

एकटी असले की मी मीटर नवरीच्याच हातात देते. हनुवटीखाली धरा, टोपी कॅमेऱ्याकडे, बोटं टोपीवर नकोत, इतकंच सांगते. तिला हाताला काम मिळतं आणि चेहऱ्यावरचा ताणही उतरतो.

आकडा वाचायला शिकावं लागतं. मोठा ८ आणि शेजारी बारीक ५ दिसला, तर ते एफ ८ आणि वर अर्धा स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बारीक आकडा म्हणजे स्टॉपचा दहावा भाग. कॅमेऱ्याचं चाक तृतीयांशाने फिरतं, म्हणून ३ आला तर एक टिक पुढे, ७ आला तर दोन टिक.

एकूण एक्स्पोजरसाठी टोपी कॅमेऱ्याकडे धरायची. दोन दिव्यांतला फरक बघायचा असेल, तर एकेक दिवा वेगळा उडवायचा आणि टोपी त्या त्या दिव्याकडे वळवायची. मेन लाइट, म्हणजे मुख्य दिवा, एफ ८ आणि फिल, म्हणजे सावल्या उजळणारा दुसरा दिवा, एफ ४ आला, तर दोन स्टॉपचा फरक. पुरुषांच्या पोर्ट्रेटला तो शोभतो. नवरीला मी एकच स्टॉप ठेवते, म्हणजे फिल ५.६ वर. नाहीतर नथीची सावली ओठावर गडद बसते आणि आल्बममध्ये आधी तीच दिसते.

ग्रुप फोटोत मी एकदा फार चुकले. चौदा माणसांची रांग, एकच सॉफ्टबॉक्स (कापडी पेटी लावलेला फ्लॅश) डावीकडे. मधल्या माणसापाशी मोजलं, छान एफ ८ आला, फोटो काढले. घरी येऊन बघते तर डाव्या टोकाच्या काकांचं कपाळ पांढरं आणि उजव्या टोकाच्या आजी अंधारात. आजींचा तो शेवटचा ग्रुप फोटो ठरला. तेव्हापासून मी दोन्ही टोकांना जाऊन मोजल्याशिवाय रांग उभी करत नाही.

कारण साधं आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा राहतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. दिवा जवळच्या टोकापासून ६ फूट आणि लांबच्या टोकापासून १२ फूट असेल, तर एकीकडे एफ ११ येईल, दुसरीकडे एफ ५.६. तोच दिवा ६ फूट मागे न्या. आता अंतरं १२ आणि १८ फूट, फरक जेमतेम सव्वा स्टॉप. उजेड कमी होतो, म्हणून पॉवर पाव होती ती पूर्ण करायची. मग दिव्याचं तोंड लांबच्या माणसाकडे वळवायचं, म्हणजे जवळच्यांना फक्त कडेचा उजेड मिळतो. पुन्हा दोन्ही टोकांना मोजा. अर्ध्या स्टॉपच्या आत आलं की मी थांबते. येत नसेल तर दुसरा दिवा काढते.

शटरचा फ्लॅशवर परिणाम होत नाही, सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, ओलांडला नाही तोवर. मागच्या माळांचा पिवळा उजेड हवा असेल तर १/१२५ वरून १/६० वर या आणि मीटरवरही शटर बदलून पुन्हा मोजा, कारण हे मीटर हॉलचा उजेडही त्या आकड्यात धरतं.

एकाच जागी तीनदा फ्लॅश उडवून बघा. आकडे दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त हलत असतील, तर फ्लॅश पूर्ण चार्ज व्हायच्या आत तुम्ही बटण दाबताय. दोन सेकंद जास्त थांबा आणि पुन्हा मोजा.