लॉगिनची पद्धत ठरवताना या चुका टाळा

ऑफिसचं नवं सॉफ्टवेअर बसवताना एक प्रश्न हमखास येतो: वापरकर्त्यांची खाती सॉफ्टवेअरमध्येच ठेवायची, कंपनीच्या डिरेक्टरीशी (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीशी) जोडायची, की सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनवर अनेक सॉफ्टवेअर उघडण्याची सोय) घ्यायचं? ‘सध्या साधा पासवर्ड ठेवू, पुढचं पुढे बघू’ असं म्हणून बरेच जण काम उरकतात. माझ्या मते सर्वांत महागात पडते ती हीच चूक. पद्धत बदलली की बऱ्याच सॉफ्टवेअरना ओळखीचा माणूसही नवा वाटतो. त्याचं दुसरं खातं तयार होतं, आणि जुन्या नोंदी, मंजुऱ्या, परवानग्या पहिल्याच खात्यावर अडकून पडतात. ही खाती मागाहून एकत्र करणं फार किचकट काम आहे.

म्हणून माणूस कशावरून ओळखायचा, हे आधी ठरवा. ईमेलवरून तर नकोच. आडनाव बदलतं, कंपनीचं डोमेन बदलतं आणि सोडून गेलेल्याचा पत्ता कधीकधी नव्या माणसाला मिळतो. मग जुन्याची सगळी कागदपत्रं त्याच्यापुढे उघडी. ओपनआयडी कनेक्टमध्ये (सिंगल साइन-ऑनची एक प्रमाणित पद्धत) ‘सब’ आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी) ‘ऑब्जेक्ट-जीयूआयडी’ ही खात्याची ओळख कायम राहते. जुळणी तिच्यावर करा.

डिरेक्टरी जोडणार असाल तर एलडॅप (डिरेक्टरीशी बोलण्याची पद्धत) ३८९ पोर्टवर टीएलएसशिवाय, म्हणजे माहिती कूटबद्ध न करता, चालवू नका, साध्या बाइंडमध्ये (नाव-पासवर्ड देऊन डिरेक्टरीत ओळख पटवताना) पासवर्ड उघडाच जातो. शिवाय पासवर्डचा रकाना रिकामा ठेवून लॉगिन होतंय का, हे जरूर तपासा. नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर काही एलडॅप सर्व्हर ती विनंती अनामिक समजून ‘यशस्वी’ असं उत्तर देतात. सॉफ्टवेअरनं त्या उत्तरावर विश्वास ठेवला की कुणीही कुणाच्याही नावानं आत शिरू शकतो.

सिंगल साइन-ऑन घेतलं म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचा प्रश्न मिटला, हाही गैरसमज. मुख्य खातं बंद झालं तरी आधीच उघडलेलं सेशन (एकदा केलेलं लॉगिन) चालू राहू शकतं, आणि त्या माणसानं बनवलेले एपीआय टोकनही (प्रोग्रामला पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्या). सेशनची मुदत कमी ठेवा; स्किमची (SCIM, खाती आपोआप उघडण्या-बंद करण्याची प्रमाणित पद्धत) सोय असेल तर खाती आपोआप बंद होतील असं बघा. आणि हो, कंपनीचा ईमेलच नसलेले कंत्राटी कामगार किंवा बाहेरचे लेखापरीक्षक कसे येणार, हे निवडीआधीच विचारा. त्यांच्यामुळे सगळा निर्णय बदलू शकतो.

पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा म्हणून एसएमएसवरचा ओटीपी शक्यतो टाळा. सिम स्वॅप करून (तुमचा नंबर दुसऱ्याच सिमवर वळवून) तो पळवता येतो. पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा ऑथेंटिकेटर अ‍ॅप (दर वेळी नवा कोड दाखवणारं) बरं, पण फोन हरवल्यावर ओळख कशी पटवायची आणि ती कोण तपासणार, हे लिहून ठेवा.

सगळं नीट चालू असताना एका सकाळी कुणालाच लॉगिन होईना, तर पासवर्ड बदलत बसू नका. आधी सर्व्हरचं घड्याळ बघा: कर्बेरॉसमध्ये (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वापरली जाणारी ओळख पटवण्याची पद्धत) साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड सहसा ३० सेकंदांचाच असतो. मग सॅमलच्या (SAML, सिंगल साइन-ऑनची आणखी एक पद्धत) प्रमाणपत्राची मुदत तपासा. एकाच अ‍ॅपचं लॉगिन अडत असेल, तर नोंदवलेला रीडायरेक्ट पत्ता (लॉगिननंतर वापरकर्त्याला जिथे परत पाठवायचं तो वेबपत्ता) अक्षर न् अक्षर जुळतोय का ते पाहा, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. या दुरुस्तीसाठी आत शिरता यावं म्हणून सिंगल साइन-ऑनवर न विसंबणारं एक अ‍ॅडमिन खातं पहिल्याच दिवशी तयार करा. त्याचा पासवर्ड कुलपात ठेवा आणि ते वापरलं गेलं की सूचना येईल अशी सोय करा.