नेटचं कनेक्शन घेताना: लाइट गेल्यावर काय, हे आधी विचारा

नव्या घरात नेट घ्यायचंय म्हणून लगेच प्लॅनचे दर बघत बसू नका. आधी आपल्या इमारतीत कोणाकोणाची वायर खरोखर आलेली आहे ते शोधा. कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असं येतं, त्यावर विसंबू नका. एका पिनकोडात अख्खं उपनगर बसतं. वॉचमनला विचारा. जिन्यात शिडी घेऊन सारखा कोणाचा माणूस येतो, हे त्याला बरोबर माहीत असतं. मग आपल्याच विंगमधल्या दोन-तीन घरांची बेल वाजवा. ‘नेट कसं आहे?’ असं विचारलंत तर सगळे ‘बरं आहे’ म्हणतील, त्यातून काही कळत नाही. रात्री नऊ-दहाला अडकतं का, ते विचारा. पावसाळ्यात बंद पडलं तेव्हा माणूस किती दिवसांनी आला, ते विचारा. आणि लाइट गेल्यावर नेट चालू राहतं का, हे विचाराच.

हा शेवटचा प्रश्न मागच्या घरी माझ्याकडून राहिला, म्हणून ही यादी. घरात इन्व्हर्टर होता, राउटर त्यावर होता. लाइट गेली की पंखा चालू, राउटरचे दिवे चालू, आणि नेट मात्र ठप्प. केबलवाल्याची फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेच्या तंतूची वायर, गच्चीवरच्या लोखंडी पेटीपर्यंतच आली होती. पेटीत प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारा मीडिया कन्व्हर्टर आणि तो वाटून देणारा स्विच, आणि तिथून घराघरांत साधी लॅन वायर. पेटीची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, बॅटरी काहीच नाही. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात. घरून काम करणाऱ्या माणसाचा तो दिवस मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातो, तोही टॉवरला गर्दी नसेल तर.

त्यामुळे विक्रीचा माणूस ‘फायबरच आहे’ म्हणाला की थांबवा आणि विचारा: फायबर माझ्या घरात येणार, की इमारतीपर्यंत? हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्हींना फायबर म्हणूनच विकतात. फायबर थेट घरात येत असेल तर वाटेत जिन्यात जो स्प्लिटर असतो तो फक्त प्रकाश वाटून देतो, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती तुमच्या घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे संपते त्या छोट्या यंत्राला, आणि पलीकडे त्यांच्या ऑफिसातल्या यंत्राला. फायबर इमारतीपर्यंतच असेल तर मधल्या पेटीलाही वीज लागते, आणि ती पेटी तुमच्या ताब्यात नसते. माणसाला सांगता येत नसेल तर शेजाऱ्याच्या घरातलं वायरचं टोक बघा. बारीक वायर आणि टोकाला छोटा चौकोनी, बहुतेकदा हिरवा कनेक्टर असेल तर फायबर. जाडसर वायर आणि फोनच्या पिनेसारखी पण रुंद, पारदर्शक पिन असेल तर लॅन. गच्चीवरून येणाऱ्या लॅन वायरचा आणखी एक त्रास म्हणजे ती तांब्याची असते. वीज कडाडली की राउटरचं पोर्ट जळू शकतं. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

फायबर घरात येतेय म्हणून हा प्रश्न सोडू नका. छोट्या केबलवाल्याच्या ऑफिसातल्या यंत्राला बॅकअप असेलच असं नाही. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ हे उत्तर पुरत नाही, किती तासांचा ते विचारा. त्यानंतर त्याच केबलवाल्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला हेच विचारा.

आता वेग. इथे लोक उगाच जास्त पैसे घालवतात. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात; आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. चार माणसांच्या घराला १०० भरपूर होतात. अपलोड किती, हे मात्र विचारून घ्या. व्हिडिओ मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठतो तो बहुतेक वेळा अपलोड कमी पडल्यामुळे, आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा आकडा. फायबरवर दोन्ही सारखे मिळू शकतात, मग मागायला काय हरकत आहे?

इमारतीत फायबर नसेलच तर एअरफायबर, म्हणजे वायरऐवजी मोबाइल टॉवरवरून ५जी वर येणारं घरचं नेट, हा पर्याय आहे. जिओनं ते सप्टेंबर २०२३ मध्ये गणेश चतुर्थीला सुरू केलं, एअरटेलचंही आहे. बहुतेकदा गच्चीत किंवा खिडकीबाहेर अँटेना लागतो. त्यात अपलोड कमी मिळतं आणि टॉवरवर गर्दी झाली की वेग उतरतो. त्याच्या पेटीलाही घरातूनच वीज लागते, म्हणजे लाइटचा प्रश्न इथेही विचारायचाच.

पैशांचं थोडक्यात. दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ४९९ चा प्लॅन ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो. ‘अनलिमिटेड’ म्हणजे अनेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी, मग वेग कापला जातो. घरगुती वापराला ती मर्यादा पुरते. इन्स्टॉलेशन फुकट हवं तर सहा महिने किंवा वर्षाचे पैसे आगाऊ मागतात. देऊ नका. पहिला महिना सुटा घ्या, एका तरी लोडशेडिंगमधून तो पार पडू द्या, मग वर्षाचं बघा. राउटर तुमचा की त्यांचा, डिपॉझिट परत मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या. फॉर्मवर आपलंच नाव आणि नंबर टाका, एजंटचा नको. घर भाड्याचं असेल तर भोक पाडायच्या आधी मालकांना विचारा. बऱ्याचदा एसीच्या पाइपचं भोक वापरता येतं. बाहेरगावाहून थेट स्वतःच्या यंत्राला जोडायचं असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटचा पत्ता, लागेल, त्याचे पैसे वेगळे.

माणूस बसवायला येणार त्या दिवशी घरी थांबा, आणि राउटर कुठे बसणार ते तुम्ही ठरवा. त्याला सोपी जागा म्हणजे दाराशेजारचा कोपरा, नाहीतर टीव्हीच्या मागे. तुम्हाला हवी घराच्या मध्यावरची, उंच जागा. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज यांच्या आड नको. वायफायचे दोन पट्टे असतात: आरसीसीच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झ जरा बरा जातो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो पण दोन भिंतींत दमतो. राउटरमध्ये दोन्ही हवेत. राउटरचं पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, आहे का बघा, १०० चं पोर्ट असेल तर २०० चा प्लॅन घेऊन उपयोग नाही. फायबर कोपऱ्यात घट्ट वाकवू देऊ नका, तिच्यावर खिळा ठोकू देऊ नका, आणि तिच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

आणि तो माणूस घरात असतानाच घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरवर ओएनटी आणि राउटर दोन्ही चालू राहतात ना, ते बघा. दोन्ही म्हणतेय, कारण वेगवेगळी यंत्रं असतील तर एकच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावून निघून जातात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. मेन स्विचच्या चाचणीत इमारतीतली पेटी मात्र कळत नाही. ती अख्ख्या इमारतीची लाइट जाईल तेव्हाच कळेल. त्या दिवशी मोबाइल डेटा बंद करून बघा, टाळू नका.

बाकी भरभर. वेग लॅन वायर लावून तपासा, एकदा दुपारी, एकदा रात्री नऊला. वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला. ओएनटीवर लॉसचा (LOS, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल झाला तर बहुतेक वायर तुटलीय किंवा वाकलीय. राउटर बंद-चालू करत बसू नका, फोन लावा. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. सोडताना यंत्र परत केल्याची पावती घ्या.