बीसी ५४७ ट्रान्झिस्टरने रिले चालवायचाय? मग तो कलेक्टरला लावा

ट्रान्झिस्टर म्हणजे पाण्याचा नळ आणि बेस म्हणजे त्याची चावी, असं मला भेटेल त्याने शिकवलं. त्यानंतर दोन महिने माझा रिले (कॉइलमध्ये करंट गेला की ओढला जाणारा स्विच) काही ओढला नाही. बेल लॅबमध्ये १९४७ साली पहिला ट्रान्झिस्टर कसा घडला ते नंतर सावकाश वाचा. आधी एक रिले चालवा.

अर्डुइनो (प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडणी करायची पाटी), मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात आहे असं धरतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून बीसी ५४७चे दहा नग, १२ व्होल्टचा ४०० ओहम कॉइलचा रिले, १ केचे (म्हणजे १००० ओहमचे) रेझिस्टर आणि १एन ४००७ डायोड आणा. एकच ट्रान्झिस्टर मागू नका, दुकानदार नुसता बघत राहतो.

चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली धरा: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४मध्ये हा क्रम उलटा असतो.

अर्डुइनोचं ग्राउंड आणि अडॅप्टरचं मायनस एकत्र जोडा.

आता जिथे मी अडकलो ती जागा. नळ म्हटल्यावर मी रिले नळाच्या खाली, म्हणजे एमिटर आणि ग्राउंडच्या मध्ये लावला. वरून १२ व्होल्ट, बेसला अर्डुइनोच्या पिनचे ५ व्होल्ट. आता ओढायलाच हवा! पण तो ढिम्म. मी तीन ट्रान्झिस्टर बदलले आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दोष माझाच होता. एमिटर नेहमी बेसपेक्षा साधारण ०.७ व्होल्ट खाली राहतो. बेसला ५ दिले की एमिटरवर ४.३च्या वर काही येत नाही, मग कलेक्टरला १२ असोत की २४. असा रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात. म्हणून रिले वर घ्या: १२ व्होल्ट, मग कॉइल, मग कलेक्टर. एमिटर थेट ग्राउंडला. यात तडजोड नाही.

दुसरा खड्डा बेसच्या रेझिस्टरचा, म्हणजे अर्डुइनोची पिन आणि बेस यांच्या मध्ये लावायच्या रेझिस्टरचा. कॉइलला १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर लागतात. (बीसी ५४७ची मर्यादा १००, तेव्हा चिंता नाही.) पुस्तकी हिशोब सांगतो, गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरला वाहतो तो आकडा) ३०० असेल तर बेसला ०.१ मिलिअँपिअर पुरे. मी तसाच ३३ के लावला. एका ट्रान्झिस्टरवर रिले ओढला, दुसऱ्यावर नाही. कारण बीसी ५४७चा गेन ११० ते ८०० यांत कुठेही असू शकतो. ११० गेनचा नग मिळाला तर त्याच रेझिस्टरवर जेमतेम १४ मिलिअँपिअर वाहतात. तेव्हा स्विच करताना डेटाशीटमधला गेन विसरा आणि कॉइलच्या करंटचा दहावा भाग बेसला द्या. इथे ३ मिलिअँपिअर. उरलेले ४.३ व्होल्ट भागिले ३ मिलिअँपिअर, साधारण १.४ के. १ के लावा, थोडं जास्तच जाऊ दे. बेसला रेझिस्टरशिवाय थेट पिन जोडायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका.

डायोड कॉइलला समांतर, पट्टा १२ व्होल्टच्या बाजूला. तो विसरलात तरी रिले चार-सहा वेळा चालेल आणि तुम्हाला वाटेल काही बिघडत नाही. पण रिले बंद होताना कॉइल उलटा झटका मारते आणि डायोड नसेल तर त्या झटक्याने ट्रान्झिस्टर मरतो.

रिलेच्या संपर्कांवर शिकताना २३० व्होल्ट जोडू नका. टिक ऐकू आली की झालं.

शेवटी रिले चालू ठेवून कलेक्टर आणि एमिटरमधले व्होल्ट मोजा. ०.२च्या आसपास किंवा कमी आले पाहिजेत. दोन-तीन व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलाय, रेझिस्टर कमी करा. मग पुडीतले आणखी दोन नग त्याच जागी लावून पुन्हा मोजा.