खेळणं थांबल्यावर कोच कसं व्हायचं: स्टीव्ह करच्या वाटेने

बास्केटबॉल खेळणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की खेळणं थांबलं की आपण आपोआप कोच होणार, इतकी वर्षं कोर्टवर काढलीत म्हटल्यावर शिकवता येणारच ना. नाही येत. शॉट कसा मारायचा ते आपल्या हाताला माहीत असतं, पण तेच चौदा वर्षांच्या पोराला समजावून सांगणं हे पूर्ण वेगळं काम आहे आणि त्याची तयारी खेळत असतानाच सुरू करावी लागते. ती कशी करायची ते मी स्टीव्ह कर (Steve Kerr) याच्या करिअरवरून सांगतो, जो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळला आणि २०१४ मध्ये तिथल्याच गोल्डन स्टेट वॉरियर्स या टीमचा हेड कोच झाला, कारण इतक्या पद्धतशीर तयारीने कोच झालेला खेळाडू मला तरी दुसरा दिसत नाही.

आधी तो खेळाडू कसा होता ते बघा. १९८८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) दुसऱ्या राउंडला, ५० व्या नंबरवर निवडलेला, उंची सव्वासहा फूट म्हणजे एनबीएच्या मानाने काहीच नाही, पूर्ण करिअरची सरासरी मॅचला ६ पॉइंट. पण थ्री पॉइंटची टक्केवारी ४५.४, जी एनबीएच्या इतिहासात सगळ्यात वरची आहे. शिकागो बुल्सबरोबर तीन आणि सॅन अँटोनियो स्पर्सबरोबर दोन अशा पाच चॅम्पियनशिप, आणि १९९७ च्या फायनलची सहावी मॅच मायकल जॉर्डनच्या पासवर यानेच शॉट मारून जिंकून दिली. म्हणजे बराच वेळ बेंचवर बसून बुल्सचे कोच फिल जॅक्सन आणि स्पर्सचे कोच ग्रेग पॉपोविच ही माणसं टीम कशी चालवतात ते जवळून बघायला मिळालेला खेळाडू.

तर पहिलं काम हेच, बेंचवर असाल तर फोन किंवा स्कोअरबोर्ड बघत बसू नका. कोच टाइमआउट नेमका कधी घेतो, त्यात पहिलं वाक्य काय बोलतो, कोणाला बाहेर काढताना दोन शब्द बोलतो आणि कोणाला नुसतं बसवतो, हे बघा. इंज्युरीचा काळसुद्धा असा वापरता येतो. डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांच्या एनबीएत खेळणाऱ्या बेकी हॅमनचा गुडघा २०१३ मध्ये गेला तेव्हा ती स्पर्सच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायची, २०१४ मध्ये तिथेच असिस्टंट कोच झाली आणि २०२२ मध्ये लास व्हेगास एसेसची हेड कोच होऊन पहिल्याच वर्षी ती लीग जिंकली.

दुसरं काम लिहिण्याचं, आणि हे बहुतेक जण टाळतात. स्टीव्ह २००३ मध्ये रिटायर झाला, टीव्हीवर मॅचचं विश्लेषण केलं, २००७ ते २०१० फिनिक्स सन्सचा जनरल मॅनेजर होता, परत टीव्हीवर गेला. कोच झालो तर काय काय करणार हे त्याने आधीच लिहून काढलं होतं आणि २०१४ मध्ये इंटरव्ह्यूला गेला तेव्हा ते घेऊनच गेला. तुम्ही काय लिहायचं? प्रत्येक ड्रिल कशासाठी आहे, किती मिनिटं, किती मुलं लागतात, त्यात मुलं कुठे चुकतात आणि चुकली की काय सांगायचं. दोन-तीन साइडलाइन प्ले, म्हणजे कोर्टच्या बाजूच्या रेषेवरून बॉल आत टाकतानाच्या ठरलेल्या चाली. दीड तासाच्या प्रॅक्टिसचा मिनिटामिनिटाचा प्लॅन, ज्यात मुलं रांगेत उभी राहण्यात कमीत कमी वेळ जाईल. लिहायला बसलं की आपल्याला नक्की काय येतं ते लगेच कळतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वॉरियर्सची नोकरी मिळाल्यावर स्टीव्ह सिएटलला अमेरिकन फुटबॉलचे कोच पीट कॅरोल यांना भेटायला गेला. त्यांनी विचारलं, तू टीमला कोच कसं करणार? हा ऑफेन्सबद्दल, म्हणजे आक्रमणाच्या चालींबद्दल बोलायला लागला, तर ते म्हणाले ते नाही, तुझा रोजचा दिवस कसा असणार ते सांग. त्यातून त्याने चार गोष्टी ठरवल्या, आनंद, सजगता, करुणा आणि स्पर्धा, आणि त्या प्रॅक्टिसमध्ये दिसायला लागल्या, म्हणजे म्युझिक लावून प्रॅक्टिस, शूटिंगच्या पैजा वगैरे. तुम्हीही दोन-तीनच गोष्टी ठरवा, पण मंगळवारच्या प्रॅक्टिसला येऊन बसलेल्या पालकाला त्या न सांगता दिसल्या पाहिजेत.

मग माणसं. स्वतःचं कच्चं कुठे आहे ते ओळखून तसे असिस्टंट घ्या. स्टीव्हने आधी कुठेच कोचिंग केलेलं नव्हतं, म्हणून ऑफेन्ससाठी अल्विन जेन्ट्री आणि डिफेन्ससाठी रॉन अ‍ॅडम्स असे मुरलेले लोक घेतले. आदल्या सीझनला वॉरियर्स लीगमध्ये सगळ्यात कमी पास करणारी टीम होती, ते त्याने बदलायला घेतलं. आणि आंद्रे इग्वाडाला या खेळाडूला बेंचवर आणलं, ज्याने तोपर्यंतच्या ७५८ च्या ७५८ मॅच स्टार्ट केल्या होत्या, म्हणजे सुरुवातीच्या पाचांत तो होता. असा निर्णय सगळ्या टीमसमोर जाहीर करून चालत नाही, आधी त्या खेळाडूशी एकट्याशी बोला, त्याचा नवा रोल नीट समजावून द्या.

पुढे २०१५ च्या फायनलमध्ये टीम १-२ ने मागे होती तेव्हा निक यूरेन नावाच्या तरुण स्टाफने जुने व्हिडिओ बघून सुचवलं की इग्वाडालाला स्टार्ट करा. स्टीव्हने ऐकलं, पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या, इग्वाडाला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, आणि आयडिया कोणाची होती हे स्टीव्हने पत्रकारांसमोर नाव घेऊन सांगितलं. हे नक्की करा. क्रेडिट दिलं की पुढच्या वेळी पोरं स्वतःहून सुचवतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर त्याने टाइमआउट खेळाडूंनाच चालवायला दिले आणि सन्सविरुद्ध ४६ पॉइंटने मॅच जिंकली. एखाद्या सोप्या मॅचला चाली काढून दाखवायचा बोर्ड कॅप्टनच्या हातात देऊन बघा, कोणाला गेम कळतोय ते दोन मिनिटांत समजतं.

फक्त एक लक्षात घ्या, स्टीव्हला थेट हेड कोचची खुर्ची मिळाली, तशी आपल्याला मिळणार नाही. हॅमन आठ वर्षं असिस्टंट होती, तो रस्ता आपला. आपल्याकडे पतियाळाच्या एनआयएसचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स) कोचिंग डिप्लोमा आहे, तेवढा वेळ काढता येत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, आणि नोकरीसाठी अर्ज करताना एनआयएस झालंय का हे विचारतातच. पण कोर्सची वाट बघत थांबू नका. जवळच्या क्लबमधल्या सरांना किंवा मॅडमना भेटा, अंडर-१४ च्या बॅचला मदत करू का विचारा, आणि पहिला महिनाभर फक्त वॉर्म-अप आणि लेअपचं (पळत जाऊन बास्केटजवळून मारायचा शॉट) ड्रिल तुमच्याकडे मागून घ्या.