जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढताना

वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार हाती लागली की पॉलिश पेपर आणि रंग आणायला हात शिवशिवतात. तेवढं मात्र करू नका. अशा गिटारला पैसे मिळतात ते मूळ भाग आणि मूळ रंग शाबूत असण्याचे. पुन्हा रंगवलेली गिटार, काम कितीही सुबक असो, बरेचदा निम्म्या भावात जाते.

आधी जशी मिळाली तशीच तिचे भरपूर फोटो काढा. मग तिचं वय शोधा. नुसत्या सीरियल नंबरवर विसंबू नका. १९६०च्या दशकात गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने एकच नंबर अनेक गिटारांना दिलेला सापडतो. पिकगार्ड (बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) किंवा मागचं झाकण उघडून व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवरचा, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रेझिस्टरवरचा आकडा वाचा. १३७६६१२ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची नाही, एवढं नक्की. नंतरची मात्र असू शकते, कारण कारखान्यात पॉटचा साठा पडून असायचा.

झाकण उघडलंच आहे तर सोल्डरचे जोडही बघून घ्या. न उकललेले मूळ जोड संग्राहकांना फार प्रिय, त्यामुळे गरज नसताना सोल्डरिंग आयर्न हाती घेऊ नका. पॉट खरखरत असेल तर आत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा चुंबकी भाग, मुका असेल तर मल्टिमीटर लावा. जुना सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा पिकअप) साधारण ६ किलो-ओहम दाखवतो, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) ७ ते ८. काहीच रीडिंग आलं नाही, तर बहुधा तार आत कुठेतरी तुटली आहे. तरी तो फेकू नका, गुंडाळी नव्याने करून घेता येते.

बॉडी किंचित ओलसर सुती फडक्याने पुसा. चिकट मळाला नॅफ्था (लायटरमध्ये भरतात तसलं द्रव) चालतो, पण खिडक्या उघड्या ठेवा आणि आग लांब. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर त्यात विरघळतं. रोजवुडच्या फ्रेटबोर्डला (बोटं ठेवायच्या पट्टीला) लेमन ऑइलचे दोन-चार थेंब पुरे, लॅकर दिलेल्या मेपलला काहीच नको. फ्रेट, म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या, ०००० नंबरच्या स्टील वुलने चमकवताना पिकअपवर टेप लावा, नाहीतर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि मग निघता निघत नाही.

नव्या तारा चढवा. नेक (गिटारचा दांडा) वाकलेला दिसला तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सुधारणारी सळई, एका वेळी पाव फेराच फिरवा. रॉडचा नट घट्ट बसला असेल तर जोर न लावता कारागिराकडे न्या, कारण रॉड तुटला की खर्च परवडत नाही.

भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष झालेले सौदे बघा. बदललेले भाग, भेगा, जुनी दुरुस्ती सगळं लिहून टाका आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून सोबत द्या. लाकूड ब्राझिलियन रोजवुड असेल तर परदेशी विकण्याआधी परवान्याची चौकशी करा; १९९२पासून ते साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे.

पाठवताना तारा थोड्या सैल करा आणि हेडस्टॉकखाली (खुंट्या असलेल्या टोकाखाली) मऊ आधार भरा. हेडस्टॉक मागे झुकलेला असेल तर प्रवासात नेक नेमका तिथेच मोडतो.